मदत हवी आहे: घरगुती टेन्स यंत्राचा झटका सौम्य कसा करू?

मंडळी, आईच्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपीत टेन्स (त्वचेवर पॅड चिकटवून विजेचे सौम्य झटके देऊन दुखणं कमी करणारं यंत्र) लावतात, तिला बरं वाटतं. पण रोज रिक्षाने जाणं-येणं जमत नाही. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणून घरीच जुळवाजुळव केली. तयार मशीन मिळतं हे ठाऊक आहे, पण हाताला खाज सुटली ना!

५५५ टायमर (ठरावीक वेळाने विजेचा छोटा ठोका, म्हणजे पल्स, देणारी चिप), ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, चार्जिंगला २.२ किलोओहम, डिस्चार्जला १८० किलोओहम, मध्ये डायोड. हिशेबाने साधारण दीडशे मायक्रोसेकंदाचा पल्स, सेकंदाला ऐंशीच्या आसपास. ९ व्होल्टची बॅटरी. भिंतीतली वीज जवळसुद्धा आणणार नाही.

आधी पॅड थेट टायमरच्या आउटपुटला जोडून माझ्याच पोटरीवर लावले. मुंग्या जेमतेम आल्या, पण दहा मिनिटांनी पॅड काढले तर एकाच पॅडखाली लालभडक चट्टा. प्रवाह एकाच दिशेने गेल्याचा हा प्रताप असावा. मग ट्रान्झिस्टर आणि २३०/६ चा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला. आता झटका कमी-जास्त करायच्या नॉबच्या अर्ध्यापर्यंत काहीच नाही, आणि पुढे केसभर फिरवला की पाय उडतो! मल्टीमीटर एवढा बारीक पल्स दाखवत नाही.

नॉब ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (ट्रान्झिस्टरच्या बाजूला) असावा की सेकंडरीला (पॅडच्या बाजूला)? प्रवाहाला कमाल मर्यादा कशी घालायची? पुण्यात कुणाकडे ऑसिलोस्कोप (असे बारीक पल्स पडद्यावर दाखवणारं उपकरण) असेल तर तासभर येऊ का? डबा आणि चहा माझ्याकडून.

आईला पेसमेकर नाही. तरी तिच्या फिजिओला दाखवल्याशिवाय तिला लावणार नाही, तेव्हा त्यावरून रागावू नका.