जुन्या फोनकार्डावरून माणूस सापडतो का?

बांगडा_तिखलं (मालवण)
बाबा जहाजावर फिटर होते. गणपतीआधी माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत नऊ कॉलिंग कार्डं सापडली, रबरबँड लावलेली. सिंगापूरची, दुबईची, २००१ ते २००४ मधली, सगळी खरवडलेली. एकाच्या मागे पेन्सिलने नंबर लिहिलाय, तो घरातल्या कोणाचाच नाही. बाबा आता नाहीत आणि आईला विचारायची हिंमत होत नाही. काका म्हणतात, रोखीत घेतलेल्या कार्डाचा माग ब्रह्मदेवालाही लागत नाही. खरं का?

निवृत्त_एक्स्चेंजवाला (रत्नागिरी)
काकांचं अर्धंच खरं. दुकानदार नाव विचारत नसे, एवढंच. कार्ड खरवडून मिळालेला पिन फोनवर दाबला की कार्डवाल्या कंपनीकडे नोंद व्हायची: कुठल्या फोनवरून, कुठे लावला, किती वाजता, किती वेळ. शिल्लक कापायची तर हिशेब ठेवायलाच हवा! आणि एकाच पिनवरून दर रविवारी एकाच घरी फोन जात असेल तर नाव वेगळं शोधावं लागत नाही. १९९५ च्या ओक्लाहोमा बॉम्बस्फोटातल्या आरोपींनी ‘डॅरिल ब्रिजेस’ अशा खोट्या नावाने प्रीपेड कार्ड घेतलं होतं. एफबीआयने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नोंदी जुळवून त्यांच्या कॉलची यादी उभी केली, ती कोर्टात पुरावा म्हणून आली.
तुमच्या कामाचं मात्र त्यातलं काही नाही. आपल्याकडे परवान्याच्या अटीप्रमाणे कॉलच्या नोंदी निदान एक वर्ष ठेवायच्या, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं. तिकडच्या कंपन्यांनीही वीस वर्षांपूर्वीचं काही जपलं असेल असं वाटत नाही. शिवाय नोंदी पोलिसांना मिळतात, मुलाला नाही.

बूथवाली_काकू (गुहागर)
एवढं यंत्रात कशाला शिरायचं? तेव्हा घरी फोन होता का तुझ्या? माझ्या पीसीओवर बाहेरून फोन यायचे, मग मी पोराला पिटाळायची, ‘जा, अमक्याच्या बायकोला बोलावून आण.’ पुन्हा दहा मिनिटांनी फोन. बाकावर चारजण बसलेले, त्यांचे कान तिकडेच. कार्डाचं गुपित तिथेच संपायचं. नंबराची सुरुवात सांग, पुढचे आकडे इथे टाकू नकोस.

बांगडा_तिखलं
९१ २३६५.

निवृत्त_एक्स्चेंजवाला
२३६५ म्हणजे तुमचंच मालवण की!

बांगडा_तिखलं
शेवटी आईला कार्ड दाखवलं. बघताक्षणी म्हणाली, ‘ह्यो वाण्याच्या दुकानातलो नंबर. रविवारी मी थंयच बसान रवंय. सगळी कान दिऊन आयकत, म्हणान तुझे बाबा नुसतो बांगड्यांचो भाव विचारीत.’
कार्डं तिने ठेवून घेतली. रबरबँड तुटला होता, नवा लावला.