मदत हवी आहे : हॉटेल व्यवस्थापकाची नोकरी संबंध न बिघडवता कशी सोडावी?

रात्रपाळी : ठाण्यातील एका परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी व्यवस्थापक आहे. ऐरोलीतील एका कंपनीच्या उपाहारगृहात मला दिवसपाळीचे काम मिळाले असून बरोबर २७ दिवसांनी तेथे रुजू व्हायचे आहे. शेठना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा "दिवाळीपर्यंत थांब, मग बघू" एवढेच म्हणून त्यांनी विषय बदलला. मला भांडून जायचे नाही. राजीनामा कसा द्यावा, हे कृपया लवकर सांगावे.

निवृत्त लेखापाल : आपली नोकरी किती वर्षांची आहे? नेमणूकपत्र आहे का, आणि त्यात नोटिशीची मुदत किती दिली आहे? मूळ पगार किती? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल.

कोकणकडा : तोंडी सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच आहे. राजीनामा आजच्या आज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. माझ्या भावाने असे केले नव्हते, त्यामुळे अनुभवपत्रासाठी त्याला आठ महिने खेटे घालावे लागले.

रात्रपाळी : नोकरीला ६ वर्षे ८ महिने झाले. कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख, म्हणून लागलो होतो. मूळ पगार २६,००० रुपये असून नेमणूकपत्रात नोटीस एक महिन्याची आहे. शेठना टपालाने राजीनामा पाठवणे मात्र माझ्याकडून होणार नाही. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या रात्री त्यांनी गल्ल्यातून नोटा काढून न मोजता माझ्या हातात ठेवल्या होत्या. पण रात्री दीडला शेवटचे टेबल उठते, त्यानंतर उघड्या बाटल्यांत उरलेली दारू मोजून नोंदवहीत चढवायची असते आणि घरी पोहोचेपर्यंत तीन वाजतात. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि आठवड्यातले सहा दिवस मी तिला झोपलेलीच पाहतो.

गोडेतेल : एक नोकरी सोडून दुसरी धरण्यापेक्षा स्वतःचे पोळीभाजी केंद्र काढावे, असे मला मनापासून वाटते. मी डोंबिवलीत स्टेशनजवळ गाळा घेऊन सुरुवात केली आणि आज माझ्याकडे चार महिला काम करतात. हवी असल्यास गाळ्याच्या अनामत रकमेची माहिती देईन.

कोकणकडा : त्यांनी व्यवसायाबद्दल विचारलेले नाही. शिवाय नोटीस एक महिन्याची आणि हातात दिवस २७, म्हणजे आजच पत्र दिले तरी तीन-चार दिवस कमी पडतात. म्हणूनच मी घाई करण्यास सांगत होतो.

तंदूर : कोल्हापुरात मी १९ वर्षे हेच काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पत्र हाती द्यावे, पण वेळ पाहून. दुपारची गर्दी ओसरल्यावर, चारच्या सुमारास, शेठ चहा घेत असताना द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही मागावी. सही मागितल्याने नाते तुटत नाही. कमी पडणारे दिवस शिल्लक रजेतून वळते करण्याची विनंती त्याच पत्रात लिहावी. गटारीची गर्दी आपण स्वतः उभे राहून पार पाडणार, हे त्यांना स्पष्ट सांगावे. श्रावणात मांसाहारी हॉटेल निम्मे रिकामे असते, तेव्हा नवा माणूस निवांतपणे शिकतो. दिवाळीत किंवा ३१ डिसेंबरच्या तोंडावर जाणाऱ्याला मालक विसरत नाही.

परंतु खरी अडचण कागदांवरील नावांची असते. दारूच्या परवान्यासाठी काढलेल्या नोकरनाम्यात, म्हणजे तेथे काम करणाऱ्या नोकरांच्या अधिकृत नोंदीत, आपले नाव आहे का? अन्न परवान्यावर कामकाजास जबाबदार व्यक्ती म्हणून कोण आहे? ही नावे बदलण्याचे अर्ज शेठच्याच सहीने जातील, म्हणून ते भरून त्यांच्यासमोर ठेवावेत. मासळीवाल्याच्या आणि कोंबडीवाल्याच्या उधारीच्या चिठ्ठ्या आमच्याकडे तारेला टोचलेल्या असत. त्या एकेक काढून वहीत उतरवाव्यात. वाढप्यांनी घेतलेली उचलही मांडावी, कारण ती पुष्कळदा केवळ व्यवस्थापकाच्या डोक्यात असते.

निवृत्त लेखापाल : ग्रॅच्युइटीचा, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या रकमेचा, उल्लेख कोणीच केलेला नाही. पाच वर्षांची सलग सेवा झाली असल्याने ती आपला हक्क आहे. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या बेरजेला २६ ने भागून १५ ने गुणावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आपली वर्षे सात. महागाई भत्ता नसेल, तर रक्कम १,०५,००० रुपये होते. त्याच भेटीत मागावी.

तंदूर : लेखापाल साहेब, हिशेब बरोबर आहे, पण त्याच भेटीत मागण्यास माझा विरोध आहे. ज्या क्षणी माणूस दुखावलेला असतो, त्या क्षणी आकडा पुढे केला की सहा वर्षांचे काम त्या आकड्यापुरते उरते. आधी कामे सोपवावीत, हिशेबाचा विषय शेवटच्या आठवड्यात काढावा.

निवृत्त लेखापाल : शेवटच्या आठवड्यात सांगितलेले "नंतर बघू" यात जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. निदान अर्ज लिहून तयार ठेवावा. आणि भविष्यनिर्वाह निधी काढू नये, त्याच यूएएनवर (निधीच्या कायम क्रमांकावर) नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावा.

रात्रपाळी : आज चार वाजता पत्र दिले. शेठनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मग कॅप्टनला बोलावून, "उद्यापासून पहाटे बाजारात ह्याच्याबरोबर जायचे," एवढेच सांगितले. दुसऱ्या प्रतीवर सही मिळाली. नोकरनाम्यात माझे नाव आहे, तो अर्ज उद्या भरतो. एक गोष्ट सांगायची राहिली होती. वडिलांच्या वेळचे ४०,००० रुपये माझ्या नावावर उचल म्हणून अजून आहेत. ते आधी रोख फेडावेत की शेवटच्या हिशेबात वळते करावेत?

निवृत्त लेखापाल : हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. शेवटच्या पगारातून जेवढे वळते होतील तेवढे करा, उरलेले धनादेशाने द्या आणि उचल पूर्ण फिटल्याचे दोन ओळींचे पत्र घ्या. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळाच ठेवा.

तंदूर : शक्य असेल तर हे पैसे शेवटच्या दिवसाआधी द्या, आणि ते स्वतः हाती द्या.