टिपीमध्ये धूर कोंडू नये म्हणून बांधणीत काय पाहावे?

प्रश्न
उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील लोकांच्या पद्धतीने उभारलेल्या टिपीत, म्हणजे वाशांवर आवरण चढवलेल्या निमुळत्या तंबूत, थंडीचे काही आठवडे राहण्याचा विचार आहे. कॅनव्हासचे आवरण चढवून झाले आहे. परंतु आत आग पेटवली की डोळे चुरचुरण्याइतका धूर राहतो आणि पहाटे कापडाला आतून सुटलेले पाणी अंथरुणावर ठिबकते. वरचे तोंड मोठे केल्यास धूर निघून जाईल का? आतले अस्तर खरोखरच आवश्यक आहे की ती केवळ सजावट आहे?

उत्तर १
तोंड मोठे करू नका; त्यामुळे पाऊस मात्र अधिक आत येईल. धूर वर जाण्यासाठी खालून हवा यावी लागते आणि अस्तर नसल्यामुळे आपल्या टिपीत तिला नीट वाटच नाही. अस्तर वाशांच्या आतल्या अंगाने साधारण छातीच्या उंचीपर्यंत बांधतात, त्याची खालची कड आत दुमडून तिच्यावर सामान ठेवतात आणि बाहेरचे आवरण जमिनीपासून चार बोटे वर राहू देतात. त्या फटीतून शिरलेली थंड हवा अस्तर आणि आवरण यांच्यामधून वर चढते व धुराला आपल्याबरोबर घेऊन जाते. खाली बसलेल्या माणसाला मात्र झोत लागत नाही. आवरणावर सुटलेले पाणीही अस्तराच्या मागे उतरते.

दुसरी गोष्ट आकाराची. टिपी हा सरळ शंकू नव्हे. तिची मागची बाजू अधिक उभी आणि दाराकडची अधिक कलती असते, त्यामुळे तळ अंडाकृती होतो आणि धुराचे तोंड वर एकत्र आलेल्या वाशांच्या जुडग्याच्या पुढे येते. म्हणूनच आग तळाच्या नेमक्या मध्यावर न मांडता त्या तोंडाखाली मांडावी.

उत्तर २
वरील उत्तराला झडपांची जोड द्यायला हवी. तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या झडपा बाहेरच्या दोन सुट्या वाशांनी हलवता येतात, आणि वारा नेहमी त्यांच्या पाठीवर येईल अशा त्या वळवायच्या असतात. मैदानांत वारा बहुधा पश्चिमेकडून येत असल्यामुळे पूर्वेकडे दार ठेवण्याची परंपरा व्यवहारालाही धरून आहे.

वाशांविषयी माझे मत स्पष्ट आहे: लाकोटा आणि शायान या मैदानी जमातींप्रमाणे तीन वाशांच्या तिवईने सुरुवात करावी. क्रो आणि ब्लॅकफीट या जमाती चार वाशांचा पाया घालतात आणि तोही उत्तम असतो. परंतु तिवईवर उरलेले वासे रचताना जुडगा आटोपशीर राहतो, त्यामुळे नवख्याला आवरण घट्ट बसवणे सोपे जाते. वासे सोलून अगदी गुळगुळीत करावेत, कारण तोंडातून आलेले पावसाचे पाणी वाशावरून ओघळत अस्तरामागे उतरते. वाटेत एखादी गाठ राहिली तर नेमके तिथूनच ते ठिबकते. हे बारकावे पिढ्यानपिढ्या जपले ते स्त्रियांनी. आवरण शिवणे, टिपी उभारणे, मोडणे ही कामे त्यांची होती आणि बहुतेक ठिकाणी टिपीची मालकीही त्यांचीच असे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अस्तर नायलॉनचे चालेल का?

उत्तर १
नको. नायलॉन ठिणगीने वितळते आणि त्यातून दमट हवा बाहेर पडत नाही. सुती कापडच घ्यावे. मूळ आवरणे बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यासारख्या प्राण्याच्या, कातड्यांची असत, आणि १८८०च्या दशकापर्यंत कत्तलीमुळे बायसन जवळजवळ नामशेष झाल्यावर कॅनव्हासने त्यांची जागा घेतली. जुन्या आवरणाचा वरचा, धुराने मुरलेला भाग मोकासिन, म्हणजे मऊ कातडी पादत्राणांच्या, जोड्यांसाठी वापरत, कारण धुरावलेले कातडे भिजून वाळल्यावरही मऊ राहते.

रात्री ऊब टिकावी म्हणून झडपा पूर्ण मिटून निखारे धुमसत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला धोका कळत नाही. वाळलेल्या लाकडाची लहान आग ठेवा, आणि झोपण्यापूर्वी ती पूर्ण विझवून झडपा थोड्या उघड्या राहू द्या.