मदत हवी आहे: भैरवीतल्या भजनाखाली कोणत्या कॉर्ड्स धराव्यात?

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका भजन मंडळात कीबोर्ड वाजवतो. पेटी बुवांच्या हाती असल्यामुळे माझ्याकडे केवळ मागचा भरणा असतो. मात्र पेटीच्या स्वरांशी माझी कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) भांडली, तर पखवाज आणि टाळांच्या गजरातही ते लपत नाही.

पांढरी एक, म्हणजे सी, हा षड्ज (सा) धरून लिहितो. सी, जी, ए मायनर, एफ हा क्रम हलक्याफुलक्या गाण्याखाली सहज बसतो आणि याच कॉर्ड्स ए मायनरपासून सुरू केल्या की गाणे उदास वाटू लागते. म्हणजे भाव बराचसा आपण घर (जिथे गाणे येऊन विसावते ती कॉर्ड) कोणते मानतो यावर ठरतो, इतपत मला उमगले आहे. यमनात मध्यम तीव्र असल्यामुळे एफ मेजर चालत नाही, तेथे डी मेजर घेतला की काम भागते.

अडते ते भैरवीत, आणि आमच्याकडे भजनाची सांगता तर तिनेच होते. रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल असल्याने पंचमावरची कॉर्ड डिमिनिश्ड, म्हणजे अस्थिर वाटणारी, होते. जॅझमध्ये डी मायनर सेव्हनवरून जी सेव्हन घेऊन घरी येतात, कारण त्यातला शुद्ध निषाद षड्जाकडे ओढतो. पण मी जी सेव्हन धरला की शुद्ध निषादाबरोबर शुद्ध रिषभही येतो, आणि बुवा तर नेमके त्याच जागी कोमल रिषभावरून षड्जावर उतरत असतात. ब्लूजमध्ये घरच्या कॉर्डमध्येही कोमल निषाद असतो आणि तरी ती स्थिर वाटते, तेव्हा शुद्ध निषादावाचून घरी पोहोचता येत असणार.

डी फ्लॅट मेजरवरून सी मायनरवर आलो तर स्वर जुळतात, परंतु फ्लॅमेंकोचा (स्पेनमधल्या लोकसंगीताचा) रंग चढतो, जो अभंगाला (निदान माझ्या कानाला) शोभत नाही. बी फ्लॅट मायनरवरून येणे सौम्य वाटते, पण सांगता झाल्यासारखी वाटत नाही. अशा वेळी गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम धरणेच योग्य का? शिवाय बुवा चढताना मध्येच शुद्ध रिषभ लावतात, तेवढ्यापुरता जी मायनर घ्यावा, की आधीचीच कॉर्ड तशीच ठेवावी?

पेटीच्या साथीला कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी आपण प्रत्यक्ष काय धरता ते कॉर्ड्ससह लिहिल्यास गणपतीपूर्वी बसवून पाहता येईल.