बुरशी की कवक? आणि केवडा मग कशात?

द्राक्षमळा:
कृषी पत्रिकांत भुरी, केवडा, करपा, तांबेरा हे सरसकट ‘बुरशीजन्य रोग’. विज्ञानाच्या पुस्तकात तेच ‘कवकजन्य’. आता म्हणतात, द्राक्षावरचा केवडा कवकामुळे होतच नाही. मग बुरशी आणि कवक एकच की दोन? आणि जीनोमला, म्हणजे सजीवाच्या अख्ख्या डीएनएला, ‘जनुकसंच’ म्हणणं बरोबर का?

शब्दखोर:
बोलीत बुरशी ही जात नाही, अवस्था आहे. भाकरीला बुरशी येते, लोणच्याला धरते, विचारसुद्धा बुरसटतात. म्हणून यीस्टला कोणी बुरशी म्हणत नाही, अळंबीला तर नाहीच. धिंगरी अळंबीच्या पिशवीत ट्रायकोडर्माचे हिरवे डाग पडले की ‘अळंबीला बुरशी लागली’ म्हणतात. दोन्ही कवकंच, तरी वाक्य बिनचूक. दिसणाऱ्या थराला बुरशी आणि यीस्टपासून अळंबीपर्यंतच्या अख्ख्या सृष्टीला कवक, एवढा फरक पाळला की पुरे.

पेट्रीबशी:
आणि केवडा दिसायला बुरशी, पण कवक नाही. त्याचा कारक प्लास्मोपारा हा ऊमायसीट गटातला. त्याचं गोत्र तपकिरी शेवाळांशी आणि डायटम या एकपेशी शेवाळांशी जुळतं. तंतू आणि बीजाणू कवकासारखे असल्यामुळे तो पूर्वी कवकांत घातला गेला. कवकाच्या पेशीभित्तिकेत काइटिन असतं, याच्या भित्तिकेत सेल्युलोज.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, फवारणीचा पैसा आहे. भुरीवर चालणारी हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिलसारखी ट्रायअझोल औषधं कवकाला एर्गोस्टेरॉल (त्याच्या पेशीपटलाला लागणारं स्टेरॉल) बनवू देत नाहीत. केवड्याच्या कारकाकडे तो कारखानाच नाही. लागणारं स्टेरॉल तो वेलीकडून उचलतो. बंद पाडायलाच काही नसेल तर फवारा वाया. उलट बाजूने मेटॅलॅक्झिल ऊमायसीटवर लागू पडतं, भुरीवर निकामी.

ओळख अशी: पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याखाली पांढरी लव, तर केवडा. वर राखेसारखी भुकटी, बोटाने पुसली जाणारी, तर भुरी. कोरड्या दुपारी केवड्याची लव दिसत नाही आणि तिथेच निदान चुकतं. संशय असेल तर पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात, २० अंशांच्या आसपास ठेवा. डाग ताजा असेल तर सकाळी खालून लव आलेली असते. जुन्या, वाळलेल्या डागावर ही युक्ती चालत नाही.

द्राक्षमळा:
पण अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन दोन्हींवर मारतात की!

पेट्रीबशी:
बरोबर, कारण ते मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनावर घाव घालतं आणि ते यंत्र दोघांकडे आहे. गंमत पुढे आहे. सायटोक्रोम बी प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल जाऊन अ‍ॅलॅनिन आलं की औषधाची पकड सुटते. हाच बदल भुरीत आणि केवड्यात स्वतंत्रपणे झालेला आहे.

‘करपा’ हा तर सर्वांत फसवा शब्द. बटाट्याचा लवकर येणारा करपा अल्टर्नारियाचा, म्हणजे कवकाचा. उशिरा येणारा फायटोफ्थोराचा, म्हणजे ऊमायसीटचा. नुसतं ‘करप्यावर औषध द्या’ म्हटल्यावर दुकानदाराने काय द्यायचं?

जुळणीकार:
‘जनुकसंच’बद्दल. यीस्टचा जीनोम १९९६ साली पूर्ण वाचला गेला: डीएनएची सुमारे १.२ कोटी अक्षरं, सुमारे ६ हजार जनुकं, मध्ये रिकामी जागा थोडी. तिथे ‘जनुकसंच’ खपून जातं. उशिराच्या करप्याच्या फायटोफ्थोराचा जीनोम २००९ साली आला: सुमारे २४ कोटी अक्षरं, जनुकं १८ हजारांच्या घरात, आणि जवळपास तीन चतुर्थांश भाग नुसती पुनरावृत्ती. बटाट्यावर हल्ला करणारी बरीच जनुकं त्या पुनरावृत्तीच्या रानातच विखुरलेली आहेत. ‘संच’ म्हटलं की ते रान नजरेआड होतं. ‘जीनोम’च ठेवावा.

‘वाचन’ आणि ‘जुळणी’ हेही दोन शब्द वेगळे हवेत. डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचतात ते वाचन, ते तुकडे सांधून जीनोम उभा करतात ती जुळणी. तुकडे छोटे वाचले तर सारख्या दिसणाऱ्या पुनरावृत्ती जुळणीत एकावर एक चढतात आणि जीनोम खऱ्यापेक्षा लहान भासतो. लांब वाचनं आल्यावर हे बरंच सुधारलं.

शब्दखोर:
तांबेऱ्याला ‘द्विगुणित’ लिहिलेलं दिसतं, ते कितपत खरं?

जुळणीकार:
गव्हावर वाढताना तो द्विकेंद्रकी असतो. एका पेशीत दोन केंद्रकं, प्रत्येकात गुणसूत्रांचा एकेक संच. मिसळण झालेली नसते. द्विगुणित म्हणजे दोन्ही संच एकाच केंद्रकात. हा भेद पुसला तर २०१९ मधला शोध समजणारच नाही. युगांडात आढळलेल्या यूजी९९ या काळ्या तांबेऱ्याचं एक केंद्रक तांबेऱ्याच्याच दुसऱ्या एका जुन्या प्रकारातल्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. लैंगिक संकर न होता, तंतू जोडले जाऊन अख्खं केंद्रकच इकडून तिकडे गेलं होतं. ‘केंद्रकबदल’ म्हणता येईल.

द्राक्षमळा:
मग २०२१ची ‘काळी बुरशी’?

पेट्रीबशी:
काळं पडतं ते रुग्णाचं रक्तपुरवठा तुटून मेलेलं ऊतक. हा आजार करणाऱ्या म्युकर गटातल्या कवकांचे तंतू स्वतः काळे नसतात. भित्तिकेत मेलॅनिन असलेली खरी काळी कवकं निराळी, त्यांचे आजारही निराळे. उपचारही नावावरून ठरत नाहीत: व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, अ‍ॅम्फोटेरिसिन बी चालतं.

शब्दखोर:
लोकांनी ‘म्युकर’ शब्द केव्हाच उचललाय. तोच लिहावा.