प्रोथियन साम्राज्य स्वतःच्या कर्माने बुडालं का?

ओसाडगावकर

(रसभंगाचा इशारा: मास इफेक्ट या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग खेळून झाले नसतील तर इथूनच मागे फिरा.)

लेजंडरी एडिशन (तिन्ही भागांचा एकत्र संच) पुन्हा एकदा संपवली आणि एक जुनं मत आणखी पक्कं झालं. ते इथे टाकतो, हाणा.

२००७ च्या पहिल्या भागात प्रोथियन हा परग्रहावरचा वंश म्हणजे साक्षात पुण्यवान पूर्वज. पन्नास हजार वर्षांपूर्वी नाहीसे झालेले, मागे नुसते भग्नावशेष आणि संदेश देणारे बीकन. मंगळावर २१४८ साली त्यांचं ठाणं सापडतं आणि त्या जोरावर माणूस ताऱ्यांपर्यंत उडी मारतो. हनार नावाचा वंश तर त्यांची पूजाच करतो. नायक शेपर्डची संशोधक साथीदार लियारा, तिने सगळी हयात प्रोथियनांच्या अभ्यासात घातलेली.

मग २०१२ साली तिसऱ्या भागात जाविक येतो. इडन प्राइम ग्रहावर गाडलेल्या पेटीतून उठलेला शेवटचा जिवंत प्रोथियन. तो सांगतो की आम्ही साम्राज्य होतो. जे शरण आले ते सामील झाले, जे नाही आले त्यांना जिंकलं, आणि काही पिढ्यांनी सगळ्यांना प्रोथियनच म्हणू लागले. सगळ्यांची युद्धनीती एक, विचार एक. त्यामुळे रीपरांना (दर पन्नास हजार वर्षांनी येऊन प्रगत संस्कृती संपवणाऱ्या महाकाय यंत्रांना) एकदा कच्चा दुवा सापडल्यावर दुसरा शोधायची गरजच पडली नाही. हेही त्याचंच म्हणणं.

माझं मत: प्रोथियन रीपरांमुळे मेले हे अर्धंच खरं आहे. त्यांनी आकाशगंगेतलं सगळं वैविध्य आधीच सपाट करून ठेवलं होतं, रीपरांनी फक्त शेवटचा हात फिरवला. शेपर्डच्या काळात टुरियन, असारी, सॅलेरियन, क्रोगन हे वंश आपापल्या पद्धतीने लढले म्हणून टिकले. त्या साम्राज्यासाठी माझ्या डोळ्यात पाणी येत नाही.

---

निशाचर

साफ असहमत. तुम्ही जाविकचं ऐकलंत आणि व्हिजिलला विसरलात.

पहिल्या भागात इलॉस ग्रहावर माको ही गाडी घेऊन त्या लांबच लांब बोगद्यात शिरता ते आठवा. दोन्ही भिंतींवर खालपासून वरपर्यंत निद्रापेट्या, एकही चालू नाही. पुढे व्हिजिल भेटतो, तिथला राखणदार प्रोग्राम. तो काय सांगतो? रीपर थेट सिटाडेलमधून बाहेर पडले. सिटाडेल हे अवकाशस्थानक म्हणजे राजधानी, तीच त्यांचा दरवाजा निघाली. पहिल्याच तडाख्यात सगळं नेतृत्व गारद. सगळे नकाशे आणि नोंदी रीपरांच्या हाती. मग त्यांनी मास रिलेचं, म्हणजे ताऱ्यांमधल्या प्रवासाचं, जाळं ताब्यात घेतलं आणि एकेक ग्रहमाला एकटी पाडून संपवली. पुढची शेकडो वर्षं हेच चाललं.

यात एकसारखेपणाचा संबंध कुठे आला? राजधानी गेली, रस्ते गेले, जनगणना शत्रूच्या हातात. अशा वेळी दहा वंश दहा पद्धतींनी लढले असते तरी दहाही एकेकटेच मेले असते.

आणि शेपर्डच्या काळात तसं का झालं नाही? वैविध्यामुळे? छे. इलॉसवर जे मोजके शास्त्रज्ञ उरले होते ते कंड्युट नावाच्या छोट्या रिलेमधून सिटाडेलवर गेले. एकतर्फी रस्ता, परत यायची सोय नाही. तिथे त्यांनी कीपरांची, म्हणजे सिटाडेल सांभाळणाऱ्या जीवांची, यंत्रणा अशी बदलली की पुढच्या वेळी सॉव्हरिन या मागे थांबलेल्या रीपरने संकेत दिला तरी कीपर ढिम्म हलणार नाहीत. म्हणून रीपरांना अंतराळाच्या अंधाऱ्या टोकापासून पायपीट करत यावं लागलं, आणि आपल्याला दोन-तीन वर्षं मिळाली. ज्यांच्यासाठी तुमच्या डोळ्यात पाणी येत नाही त्यांनीच तुमचा शेपर्ड वाचवला.

---

खडूस_खेळाडू

जाविकचा इतिहास तिसऱ्या भागाच्या पहिल्याच दिवशी वेगळे पैसे घेऊन विकला होता हे कोणाला आठवतंय का? साम्राज्याचा अर्धा इतिहास डीएलसीत! ज्यांनी घेतला नाही त्यांचे प्रोथियन अजूनही पुण्यवानच आहेत.

---

ओसाडगावकर

@खडूस_खेळाडू, हाहा, खरंय. लेजंडरी एडिशनमध्ये आता तो आपोआप येतो, म्हणून नवीन पोरांचा हा भ्रम लवकर फुटतो.

@निशाचर, व्हिजिल विसरलो नाही. पण तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातो. राजधानी पडली की सगळं पडतं, ही रचना कुणी केली? रिले बंद पडल्यावर एकही प्रांत स्वतःच्या पायावर उभा राहू शकला नाही, कारण त्यांना तसं कधी राहूच दिलं नव्हतं. जिंकलेल्या लोकांचं स्वतःचं राज्य, सैन्य, डोकं, सगळं पुसून टाकल्यावर संकटात ते कुठून उगवणार?

---

निशाचर

सिटाडेल प्रोथियनांनी बांधलेलीच नाही हो. रिलेही नाहीत. दोन्ही रीपरांची, आणि मुद्दाम अशीच ठेवलेली की जो कोणी वर येईल तो तिथेच राजधानी थाटेल. व्हिजिल हे स्पष्ट सांगतो: आमच्या आधी आलेल्या प्रत्येक संस्कृतीने हेच केलं. शेपर्डच्या काळात कारभार पाहणाऱ्या आपल्या लाडक्या कौन्सिलनेही तेच केलं. टुरियनांचं आरमार आहे म्हणून सिटाडेल दरवाजा राहायची थांबत नाही. सापळा सगळ्यांसाठी एकच होता, त्यात अडकले म्हणून एकट्या प्रोथियनांना शिक्षा का?

---

मोडीवाचक

दोघेही साधनं न तपासता भांडताय, म्हणून मध्ये पडतो.

जाविकचा जन्म कधीचा? युद्ध सुरू होऊन कैक पिढ्या उलटल्यावरचा. सिटाडेल तेव्हा केव्हाच गेलेली. वैभवाच्या काळातलं साम्राज्य त्याने डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. त्याला जे माहीत आहे ते स्पर्शाने मिळणाऱ्या आठवणींतून आणि वडीलधाऱ्यांच्या सांगण्यातून. शिवाय तो शिपाई आहे, सूडाचा अवतार म्हणून घडवलेला. आपल्याकडे घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेल्या बखरीवर विसंबून कोणी इतिहास सांगितला तर आपण अस्सल कागद मागतो ना? जाविक ही बखर आहे. रसाळ, ठसकेबाज आणि पराभवाची कारणं नंतर जुळवलेली.

व्हिजिल त्या मानाने कागद आहे. पण तोही इलॉसच्या तळघरातला. बाहेर काय चाललं होतं ते त्याला तिथे पोचलेल्या संदेशांवरूनच कळलेलं.

तिसरं साधन तुम्ही दोघांनीही काढलं नाही. असारींच्या थेसिया ग्रहावरचा व्हेंडेटा, आणखी एक प्रोथियन प्रोग्राम. तो सांगतो की क्रूसिबलचं, म्हणजे रीपरांविरुद्धच्या महाअस्त्राचं, काम आतूनच उधळलं गेलं. एका गटाचं म्हणणं पडलं की रीपरांचा नाश करू नये, त्यांना ताब्यात घ्यावं. हा गट रीपरांच्या प्रभावाखाली होता हे मागाहून कळलं. म्हणजे ऐन संकटात या ‘एकमुखी’ साम्राज्यात उभी फूट पडलेली होती. सगळे एकाच विचाराचे होते म्हणून हरले हे जाविकचं प्रमेय इथेच लंगडं पडतं.

---

कोल्हापुरी_क्रोगन

मोडीवाचक, एक नंबर! पण एक शंका. फूट पडलेला गट प्रभावाखाली होता, म्हणजे तो खरा मतभेद नव्हताच की. रीपरांनी पेरलेला होता. त्यावरून साम्राज्यात वेगळी मतं चालायची असं कसं म्हणायचं?

---

मोडीवाचक

बिनतोड शंका आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या गटाचं म्हणणं ऐकून घेणारे, त्यांच्यामागे जाणारे लोक होते. ते वाद होऊ शकतील इतकी जागा तिथे होती. यापलीकडे मी ताणणार नाही.

---

अथामेची_भाची

मूळ धाग्याला माझा पाठिंबा आहे, पण कारण वेगळं. कसे हरले ते सोडा, रीपर येण्याआधी ते काय करत होते ते बघा.

पहिल्या भागात सिटाडेलवर शाइरा या असारी बाईचं काम केलं की ती एक छोटीशी वस्तू देते. बहुतेक जण ती विसरून जातात. ती घेऊन एलेटानिया ग्रहावर त्या तरंगत्या प्रोथियन गोळ्यापाशी गेलात तर एक दृश्य मिळतं. व्हिडिओ नाही, नुसता पडद्यावरचा मजकूर. आदिमानवाच्या काळातला एक शिकारी, त्याला उचलून नेतात आणि डोक्यात काहीतरी बसवून परत सोडतात. तो शिकार करतो, टोळीत राहतो, आणि प्रोथियन त्याच्या डोळ्यांनी बघत असतात. त्याला विचारायचा प्रश्नच नाही. हे २००७ मध्येच लिहून ठेवलेलं आहे, जाविक येण्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा ‘पुण्यवान पूर्वज आणि मग अचानक जाविक’ ही मांडणीच मला पटत नाही, ओसाडगावकर. खुणा होत्या, आपण पाहिल्या नाहीत.

थेसियावर तर हद्द आहे. असारींची देवी अथामे म्हणजे प्रोथियनच. त्यांनी असारींना शेती, गणित शिकवलं, दुसऱ्या वंशापासून वाचवलं. देवळातल्या मूर्तीच्या पोटात चालू बीकन. आणि असारींनी ते हजारो वर्षं लपवून ठेवलं, तेही प्रोथियन वस्तू सगळ्यांना दाखवायचा कायदा असताना! ‘आम्ही सगळ्यात पुढारलेले’ हा त्यांचा सगळा तोरा त्या एका बीकनच्या जिवावर.

साम्राज्य मेलं तरी त्याने वर काढलेले लाडके वंश पन्नास हजार वर्षांनी मलई खात बसले होते. कौन्सिलचं हे वैविध्य म्हणता ते मुळात प्रोथियनांच्या पक्षपातातून उगवलंय.

---

खडूस_खेळाडू

ताई, लियारासमोर जाविकला घेऊन थेसियाला गेलात ना? तिचा चेहरा! पन्नास वर्षांची संशोधनाची पुण्याई आणि समोर साक्षात संशोधनाचा विषय उभा राहून टोमणे मारतोय. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात विनोदी प्रसंग.

(बाकी जाविकचा आवाज इके अमादीचा. त्या ठसक्यात सांगितलं तर वाहतुकीचे नियमसुद्धा मी साम्राज्याचा इतिहास म्हणून ऐकेन.)

---

सह्याद्री_नॉर्मंडी

एक गोष्ट कोणीच काढली नाही. हे साम्राज्य झालं कशामुळे? जाविक सांगतो की आधी मेटाकॉन युद्ध झालं. यंत्रं उलटली होती. झा नावाच्या वंशाने जगण्यासाठी शरीरात यंत्रबुद्धी बसवून घेतली, तिने त्यांचाच ताबा घेतला आणि ते झाटिल झाले. तेव्हा प्रोथियनांनी ठरवलं की सगळे सजीव एका झेंड्याखाली आले नाहीत तर कोणीच उरणार नाही.

म्हणजे हौसेने देश जिंकत सुटले नव्हते. शेपर्डसुद्धा तिसऱ्या भागात दुसरं काय करतो? दारोदार फिरून सगळ्यांना एका झेंड्याखालीच आणतो.

---

अथामेची_भाची

शेपर्ड क्रोगनांना जेनोफेजवर (त्यांची पैदास खुंटवणाऱ्या रोगावर) इलाज देऊन आणतो. प्रोथियन जिंकून आणायचे. आणि संकटकाळ आहे म्हणून सत्ता हातात घेतली, ती संकट टळल्यावर परत दिली असं एकही साम्राज्य दाखवा. खेळातलं चालेल, खरंही चालेल.

---

सह्याद्री_नॉर्मंडी

संकट टळलंच नव्हतं हो! यंत्रांवर मात होऊ लागली तेवढ्यात रीपर आले. परत द्यायला वेळ कुठे मिळाला?

---

अथामेची_भाची

इडन प्राइमच्या तळघरातली योजना काय होती? लाखो प्रोथियन झोपवायचे, रीपर गेल्यावर उठवायचे आणि पुन्हा साम्राज्य उभं करायचं. तोवर वर आलेल्या ‘आदिम’ वंशांवर, म्हणजे आपल्यावर. इतकं सगळं भोगूनही पुढचा बेत तोच. वेळ नव्हता हे कारण मला चालत नाही.

---

निशाचर

तो एका तळघराचा बेत. दुसऱ्या तळघराने, इलॉसने, कोणावर राज्य करायचा विचारही न करता स्वतः मरून पुढच्यांना वाट करून दिली. एकाच समाजातले दोन्ही. त्यातलं ‘खरं’ प्रोथियन कोण ते तुम्ही सोयीने ठरवताय.

आणि ओसाडगावकर, तुमच्या वैविध्याच्या सिद्धांताला माझा शेवटचा धक्का. २०१२ च्याच उन्हाळ्यात सुधारित शेवट आले, त्यात नकाराचा पर्याय आहे. शेपर्डने क्रूसिबल वापरायला नकार दिला की काय होतं? टुरियन, असारी, क्रोगन, क्वेरियन, सगळे आपापल्या पद्धतीने लढतात आणि सगळे मरतात. लियाराने पुरून ठेवलेल्या माहितीच्या पेट्या तेवढ्या उरतात, पुढच्या चक्राला उपयोगी पडायला. थोडक्यात आपलेही प्रोथियन होतात. वैविध्य कुठे गेलं तिथे?

---

ओसाडगावकर

नकाराचा शेवट म्हणजे लेखकांनी रुसलेल्या खेळाडूंना मारलेली चपराक आहे, त्याला इतिहास म्हणून धरू नका. तरी मान्य, एकटं वैविध्य रीपरांना हरवत नाही. माझं म्हणणं तेवढं नव्हतंच. क्रूसिबल बांधायला सगळ्यांची डोकी लागली: सॅलेरियन, क्वेरियन, माणसं. प्रोथियनांच्या हातात तोच आराखडा होता आणि त्यांचं काम अपुरं राहिलं.

उलट बाजूचं उदाहरण हवं तर बॅटेरियन वंश घ्या. बंद राजवट, बाहेरच्या कोणाशी देणंघेणं नाही, मेलेला रीपर स्वतःच्या घरात लपवून ठेवलेला. तिसऱ्या भागात सगळ्यात आधी कोण कोसळलं?

---

कोल्हापुरी_क्रोगन

ते आधी कोसळले कारण त्या रीपरच्या प्रेताने त्यांचे वरचे लोक आधीच पोखरले होते, आणि रीपर पहिल्यांदा त्यांच्याच दारात उतरले. आता यात राजवटीचा दोष किती आणि शेजाराचा किती, ते तुम्ही दोघं ठरवा. मी लेव्हायथन डीएलसी पुन्हा लावतोय. रीपर ज्यांच्या चुकीतून झाले त्या मूळ साम्राज्याबद्दल इथे अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही. दुसऱ्या वंशांना गुलाम करून खंडणी गोळा करण्यात त्यांच्यापुढे प्रोथियन म्हणजे बालवाडी.

---

खडूस_खेळाडू

तेही वेगळे पैसे घेऊनच विकलं होतं. फक्त नोंद करतो.