मदत हवी आहे: दारू सोडवायच्या गोळ्या आणि वाढलेलं क्रिएटिनिन

पेशंट बीडकडचे ऊसतोड मजूर, वय ५२, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक) १.८. आकडा फार मोठा वाटत नाही, पण वय-वजन धरून क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते तो अंदाज) काढला तर जेमतेम ३३ येतो. दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून ६६६ ऐवजी ३३३ मिलिग्रॅम तीनदा केलं. ३० च्या खाली गेले तर बंदच. अंगदुखीची डायक्लोफिनॅकही किडनीला त्रास नको म्हणून थांबवली (ती आपणहून कुणी सांगतच नाही!).

खरी अडचण बॅक्लोफेनची (मुळात स्नायू सैल करणारं, पण दारूची ओढ कमी करायलाही देतात). तेही किडनी अशक्त असली की साचतं. २० मिलिग्रॅम तीनदा चालू होतं. आता दिवसभर पेंग, बोलणं अडखळतं. एकदम तोडलं तर झटक्यांची भीती. अशा वेळी थेट डायलिसिस, की डोस उतरवत न्यायचा? लातूर-परभणीकडे अशी केस कुणी हाताळली आहे का?